अपुरे पारायण

आपल्या घरांतून पोथी वाचण्याचे काही नेम ठरलेले असतात. गुरुचरित्राचा सप्ताह मांडला, की सातव्या दिवशी तो पुरा झालाच पाहिजे. वाचणाऱ्याच्या अंगात मध्येच ताप भरला, तर घरातील दुसरे कोणी तरी सोवळे नेसून आसनावर बसते आणि राहिलेले अध्याय पुरे करते. अध्याय अर्ध्यावर तोडू नये, पोथी उघडी टाकून उठू नये, वाचताना इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलू नयेत, हे आम्हां मुलांना मुळाक्षरांच्या आधी शिकवले गेले. देवळात पुराण चालू असताना एखादा श्रोता खांबाला टेकून पेंगू लागे, त्याला कोणी हसत नसे; परंतु जो मध्येच उठून चपला शोधू लागे, त्याच्याकडे साऱ्या माना वळत. पेंगण्याला क्षमा होती, उठण्याला नव्हती.

या संस्काराचा एक परिणाम असा झाला, की पोथीचा नेम आम्ही पुठ्ठ्यात बांधलेल्या प्रत्येक पुस्तकाला लावू लागलो. कादंबरी हाती घेतली, शंभराव्या पानावर ती रुक्ष वाटू लागली, तरी उरलेली चारशे पाने नेटाने ओढायची. कारण घेतलेले टाकू नये. माझ्या परिचयाचे एक वृद्ध सद्गृहस्थ तर मुखपृष्ठापासून शुद्धिपत्रापर्यंत सर्व वाचीत, आणि शुद्धिपत्र वाचल्यावर मागे जाऊन प्रत्येक अशुद्ध जागी पेन्सिलीने दुरुस्ती करीत. त्यांना कोणते पुस्तक आवडले असे विचारले, तर ते पुस्तकाचे नाव न सांगता पानांची संख्या सांगत.

मी ज्या ग्रंथाविषयी लिहिणार आहे, तो असा सहज टाकून देण्याजोगा नव्हे. गोवर्धनराम माधवराम त्रिपाठी यांची ‘सरस्वतीचंद्र’ ही कादंबरी गुजराती भाषेचे भूषण समजली जाते, आणि ते योग्यच आहे. तिचे चार भाग १८८७, १८९२, १८९८ आणि १९०१ या वर्षी प्रसिद्ध झाले. चारही मिळून पृष्ठे दोन हजारांच्या आसपास भरतात. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांना जो मान आहे, तोच, किंबहुना त्याहून थोडा अधिक भक्तियुक्त मान गुजरातेत गोवर्धनरामांना आहे. १९०५ साली गुजराती साहित्य परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षपद साहजिकच त्यांच्याकडे गेले.

गोव्याच्या आणि बेळगावच्या वाचकांना प्रश्न पडेल, की मराठी माणसाला या ग्रंथाची एवढी बांधिलकी कशासाठी? त्याचे उत्तर आमच्या घराच्या इतिहासात आहे. माझे पणजोबा श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत नोकरीच्या निमित्ताने गोव्याहून बडोद्यास आले आणि येथेच राहिले. कुळदेवता तिकडे आणि पोटपाणी इकडे, अशी आमची चार पिढ्यांची विभागणी आहे. घरात मराठी, आजी होती तोवर तिची कोंकणी, देवळात मराठी कीर्तन, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की गुजराती. माझे अशील गुजराती, त्यांची खतपत्रे गुजराती, साक्षीदारांचे शपथेवरचे खरेखोटेही गुजराती. ज्या भाषेच्या जिवावर माणूस जेवतो, त्या भाषेचे थोडे ऋण असते. खतपत्रे वाचून ते फिटत नाही.

ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकलो ते वडील वकीलसाहेब हे बोलून दाखवीत नसत. परंतु त्यांच्या मनात ते असावे. वयाची ऐंशी उलटल्यावर त्यांनी आपली पुस्तके वाटून टाकण्यास आरंभ केला. कायद्याची कोणाकोणाला गेली. मला मात्र त्यांनी ‘सरस्वतीचंद्रा’चे चार भाग दिले. म्हणाले, “हा माणूस आपल्याच धंद्यातला. वाच, म्हणजे वकिलाला काय काय सुचते ते कळेल.”

गोवर्धनराम खरोखरच आपल्या धंद्यातले. १८५५ सालचा त्यांचा जन्म. तरुणपणीच त्यांनी तीन संकल्प केले होते: कायद्याची पदवी घ्यायची, मुंबईत स्वतंत्र वकिली करायची, नोकरी पत्करायची नाही, आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी धंदा सोडून उरलेले आयुष्य साहित्य व समाज यांच्या सेवेत घालवायचे. हे बोलणारे पुष्कळ असतात. गोवर्धनरामांनी मुंबईच्या उच्च न्यायालयातील चांगली चाललेली वकिली १८९८ साली खरोखरच गुंडाळली आणि ते नडियादला घरी जाऊन बसले. संकल्पाला दोन-तीन वर्षे उशीर झाला एवढेच. मी हे वाचले तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती आणि टेबलावर दुसऱ्या दिवशीच्या सात तारखा होत्या. अशा माणसाविषयी आदर न वाटला तरच नवल.

पहिला भाग मी ज्या आवडीने वाचला, तिच्यात आदराचा भाग थोडा आणि सुखाचा अधिक होता. सुवर्णपूर नावाच्या कल्पित संस्थानात एक तरुण नाव बदलून येतो आणि राजेश्वर महादेवाच्या देवळात उतरतो. हा सरस्वतीचंद्र. वडिलांच्या श्रीमंत घरात सावत्र आईने वाढवलेल्या गैरसमजाला कंटाळून त्याने घर सोडले आहे, आणि घरासोबत वाग्दत्त वधू कुमुदसुंदरीही सोडली आहे. कुमुदचे लग्न घाईघाईने सुवर्णपूरच्या बुद्धिधनाच्या व्यसनी मुलाशी लावून देतात, आणि नेमक्या त्याच घरात हा अज्ञात पाहुणा होऊन राहतो. या बिकट प्रसंगाभोवती संस्थानी कारस्थानाचे जाळे विणलेले आहे. शठराय नावाच्या जुलमी कारभाऱ्याला बुद्धिधन कसा एकेक खिळा काढून खाली आणतो, ते प्रकरण तर प्रत्येक नवशिक्या वकिलाने वाचावे. उलटतपासणी म्हणजे आरडाओरडा नव्हे, हे त्यातून कळते. दुसरा भाग बहुतांशी कुमुदच्या आईचा, गुणसुंदरीचा. भरल्या एकत्र कुटुंबात, नणदाजावांच्या टोचण्या सोसत एक शहाणी स्त्री घर कशी धरून ठेवते याचे ते चित्र आहे. ते वाचताना मला माझी आजी दिसत होती, आणि आजीला टोचणाऱ्याही दिसत होत्या.

तिसऱ्या भागात रत्ननगरीचे राज्यतंत्र सुरू झाले आणि माझे पाय जड झाले. रत्ननगरी म्हणजे कुमुदच्या माहेरचे संस्थान. तिचे वडील विद्याचतुर तेथले प्रधान. देशी संस्थाने आणि इंग्रज सरकार यांचे नाते कसे असावे, राजाने कोणते गुण अंगी बाणवावेत, महाभारतातील पांडवांचा राज्यकारभाराच्या दृष्टीने अर्थ काय लावावा, याविषयी पाने मागून पाने चर्चा चालते. विचार उंच आहेत. भाषा इतकी संस्कृतप्रचुर आहे, की मराठी वाचकाला शब्दकोश उघडावा लागत नाही. आणि तरीही रात्री दहा वाजता दिव्याखाली बसून दोन पाने वाचली, की तिसऱ्या पानावर मी दुसऱ्या दिवशीच्या खटल्याचा विचार करीत असे. ज्या प्रश्नांसाठी त्या वेळचे सुशिक्षित रात्ररात्र जागले असतील, ती संस्थाने विलीन होऊन सत्तर-पंचाहत्तर वर्षे झाली. प्रश्न मेला म्हणून कादंबरी मरतेच असे नाही. परंतु येथे प्रश्न बोलत होता आणि माणसे गप्प बसून ऐकत होती. कुमुद कोठे गेली, तिचे काय झाले, हे मला हवे होते, आणि ग्रंथकार मला राजधर्म सांगत होते.

अशा स्थितीत मी आठ महिने काढले. खुणेसाठी घातलेला जुन्या वकीलपत्राचा तुकडा आठ महिन्यांत चाळीस पाने पुढे सरकला. त्या काळात मी दुसरे पुस्तकही वाचले नाही, कारण एक व्रत चालू असताना दुसरे घेऊ नये. म्हणजे न आवडलेल्या एका ग्रंथाने आठ महिने सर्व ग्रंथांची वाट अडवून धरली होती. आईला हे दिसत होते. तिला मी सहज म्हणालो, की हे पुस्तक बाजूला ठेवावे म्हणतो. तिने चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाली, “कोणी सांगितले आहे म्हणून वाचतोस, की तुला हवे म्हणून?” मी म्हणालो, “दोन्ही नाही. सुरू केले म्हणून वाचतो.” त्यावर ती म्हणाली, “मग ते पारायण. पण पारायणाला फलश्रुती असते. याला आहे का, शेवटी बघून घे.”

आईने हे थट्टेने म्हटले की गंभीरपणे, हे मला आजतागायत समजलेले नाही. तिच्या बाबतीत ते नेहमीच असे असते. परंतु मुद्दा बिनतोड होता. पोथी आपण कथेसाठी वाचत नाही. कथा पाठच असते. तेथे वाचणारा कोण आहे, त्याला रस वाटला की नाही, हे गौण असते. वाचणे हीच सेवा. कादंबरीकाराने असे वचन कोठेही दिलेले नसते. तो फक्त म्हणतो, की ऐक, एक माणूस होता. ऐकणारा उठून गेला तर पाप सांगणाऱ्यालाही नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. दोघांचा करार तेवढाच.

दिवाणी कायद्यात दावा काढून घेण्याची सोय आहे. संहितेच्या २३व्या आदेशाचा पहिलाच नियम तो. वादीला वाटेल तेव्हा तो दावा सोडून देऊ शकतो. मात्र पुन्हा त्याच कारणासाठी उभे राहायचे असेल, तर न्यायालयाची तशी परवानगी आधी घ्यावी लागते. मी एका रविवारी सकाळी ‘सरस्वतीचंद्रा’वरील माझा दावा पुन्हा दाखल करण्याची मुभा राखून काढून घेतला. खूण तशीच ठेवली. चौथ्या भागात काय आहे ते मी वाचलेले नाही. कुमुद पुढे विधवा होते आणि शेवटी सरस्वतीचंद्राचा विवाह तिच्या धाकट्या बहिणीशी, कुसुमशी, होतो हे मला ठाऊक आहे; परंतु हा ऐकीव पुरावा आहे आणि त्यावरून मी ग्रंथावर निकाल देणार नाही.

आता दुसरे काय घ्यावे? कन्हैयालाल मुनशी बडोदे कॉलेजचे विद्यार्थी आणि वकीलही. त्यांचे ‘गुजरातनो नाथ’ मी कॉलेजात असताना एका रात्रीत संपवले होते. त्यात घोडे इतके दौडतात, की वाचक थांबू म्हणेल तर तुडवला जाईल. पुन्हा तेथे जाण्याची इच्छा नव्हती. ग्रंथालयात कपाटासमोर उभा असताना पन्नालाल पटेल यांची ‘मानवीनी भवाई’ हाती आली. नावानेच थांबवले. भवाई म्हणजे गुजरातेतील रात्रभर चालणारे लोकनाट्य, देवीच्या उत्सवाशी निगडित. आपल्याकडे जत्रेत दशावतारी होतात त्या जातीचे. माणसाच्या आयुष्याचे सोंग, असा काहीसा त्या नावाचा अर्थ.

पन्नालाल यांचा जन्म १९१२ साली डुंगरपूर संस्थानातल्या मांडली गावी, शेतकऱ्याच्या घरात. शिक्षण इडरच्या शाळेत इंग्रजी चौथीपर्यंत, पुढे नाही. पोटासाठी त्यांनी नाना कामे केली. अहमदाबादेत वीज कंपनीत मीटर वाचण्याचेही केले. इडरच्या शाळेतले त्यांचे सोबती कवी उमाशंकर जोशी यांची १९३६ साली अहमदाबादच्या साहित्य परिषदेत पुन्हा गाठ पडली आणि त्यांच्या उत्तेजनाने हा मनुष्य लिहू लागला. १९४७ साली ‘मानवीनी भवाई’ आली. १९८५ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराने तिच्या कर्त्याचा गौरव झाला. या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद बडोद्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या प्रा. व्ही. वाय. कंटक यांनी केला आहे. आडनाव वाचून आपल्या वाचकांपैकी काहींची मान अभिमानाने थोडी ताठ होईल, माझी झाली.

गंमत अशी, की या पुस्तकाची भाषा मला अर्धीच समजत होती. ती ईशान्य गुजरातेतील डोंगराळ मुलखातली बोली आहे. नांगराच्या भागांची, गवतांची, शिव्यांची नावे कोणत्याही खतपत्रात येत नाहीत. गोवर्धनरामांचा प्रत्येक शब्द कळत असून मी पुढे जात नव्हतो आणि येथे दर ओळीला एक शब्द अडत असून थांबवत नव्हते. घरात कोंकणी आणि पोथीत मराठी असा ज्यांचा जन्म गेला, त्या आपल्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. आजी ज्या भाषेत रागवत असे, ती भाषा कोणी शिकवली नव्हती. पण त्या भाषेतला राग कधी चुकीचा समजला नाही.

कथा तशी साधी. म्हातारपणी झालेला वाला पटेलाचा मुलगा काळू, आणि त्याची लहानपणीच वाग्दत्त झालेली राजू. भाऊबंदकीच्या कपटाने ती सोयरीक मोडते. राजू एका घरी जाते, काळूच्या घरी दुसरी येते. म्हणजे येथेही मोडलेले वाग्दान आहे आणि आयुष्यभर पुरणारी ओढ आहे. परंतु काळू घर सोडून जात नाही, कारण शेत सोडून कोठे जाणार? तो नांगरतो, भांडतो, कर्ज काढतो, राजूच्या सासरी काम पडले तर तेथेही जातो. त्याला चिंतन करायला सवड नाही. जे काही मनात आहे ते बैलांना हाकलताना निघणाऱ्या एखाद्या शब्दात बाहेर पडते. कथानकाचे बीज एकच, आणि रोपे किती निराळी!

मग दुष्काळ येतो. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा तो दुष्काळ गुजरातेत ‘छप्पनियो’ या नावाने अजून ओळखला जातो. खेडा आणि पंचमहाल हे जिल्हे त्यात होरपळून निघाले. येथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो, कारण एक हिशेब डोळ्यांसमोर आला. त्याच वर्षी, त्याच खेडा जिल्ह्यात, नडियादला बसून गोवर्धनराम आपला चौथा भाग पुरा करीत होते. तो १९०१ साली निघाला. मी तो वाचलेला नाही, तेव्हा दोषारोप करीत नाही. एवढेच मनात आले, की त्या वर्षाची कादंबरी व्हायला सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षे लागली, आणि ती लिहिणारा दुष्काळानंतर बारा वर्षांनी जन्मला. त्याने ती मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलेली असणार. चुलीपाशी कोणी तरी सांगितले असणार.

गुरे मरतात, माणसे मरतात. ते मी येथे सांगत नाही. एक प्रसंग तेवढा सांगतो. गावाकडून उपाशी निघालेली माणसे एका पेठेच्या गावी येतात. तेथे सदावर्त चालू असते. रांगा लागलेल्या असतात. काळू, ज्याने जन्मभर मातीतून धान्य काढले, त्या रांगेत उभा राहतो आणि त्याचा हात पुढे होत नाही. पोट ओरडते आहे, समोर धान्य आहे, देणारा देतो आहे, आणि हात होत नाही. राजू त्याला समजावते. मी अन्नसत्रे पाहिली आहेत, महाप्रसादाच्या पंगतींत वाढले आहे. घेणाऱ्या हाताच्या बाजूने तो प्रसंग मला कधी दिसला नव्हता.

पुस्तक संपल्यावर पंधरा दिवसांनी मी वकीलसाहेबांकडे गेलो. ‘सरस्वतीचंद्रा’चे काय, हे ते विचारणार हे ठाऊक होते. मी सरळ सांगितले, की तिसऱ्या भागात थांबलो आहे आणि सध्या पुढे जाण्याचा विचार नाही. ते काही बोलले नाहीत. नंतर विचारले, “मग वाचतोस काय?” मी नाव सांगितले.

ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, “ते मीही सोडले आहे. चाळीस वर्षे झाली.”

मला वाटले, बोलीभाषेचा कंटाळा आला असेल. त्यांच्या पिढीच्या पुष्कळ विद्वानांना येतो. तसे नव्हते. त्यांचे मूळ गाव पंचमहालातले. त्यांची आजी छप्पनियात दहा-अकरा वर्षांची होती. ती वाचली, तिचा धाकटा भाऊ वाचला नाही. पुढे ती भरल्या घरात नांदली, नातवंडे पाहिली. परंतु जन्मात कधी कोणत्याही पंगतीला बसली नाही. लग्नात नाही, देवळातल्या महाप्रसादाला नाही. प्रसाद ओंजळीत घेई, कपाळाला लावी, आणि घरी येऊन एकटी खाई. गावातल्या बायका तिला गर्विष्ठ म्हणत. तिने एकदाच, मरणापूर्वी, नातवाला सांगितले, की त्या साली रांगेत बसून पानावर पडायची वाट पाहिली होती, आणि पान आपल्यापाशी आले तेव्हा भांडे संपले होते.

“काळू हात पुढे करत नाही, तेथे मी थांबलो,” साहेब म्हणाले. “पुढचे मला नको होते. पुस्तक वाईट म्हणून नव्हे.”

मी काय बोलणार? थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, “शेवटी पाऊस येतो ना?”

“येतो,” मी म्हणालो.

“नक्की?”

“शेवटच्या पानावर. पण येतो.”

त्यांनी चष्मा काढून पंच्याच्या टोकाने पुसला. “पुढच्या रविवारी पुस्तक घेऊन ये. तेवढी पाने वाचून दाखव. तुझे उच्चार मराठी आहेत, पण चालतील.”

त्या रविवारी मी गेलो. वाचायला पाऊण तास लागला. अडलेले शब्द ते सांगत होते. निघताना ‘सरस्वतीचंद्रा’चे चार भाग मी पिशवीतून काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी तिसरा भाग उघडला, वकीलपत्राचा तुकडा कोठे आहे ते पाहिले, हसले, आणि चारही भाग पुन्हा माझ्या पिशवीत घातले.